कोटेशन मागवायच्या आधी

केज तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेबाचं काम बघायला लागले, तेव्हा मला बी.कॉम.पुरता जमाखर्च येत होता आणि सोयाबीनचा भाव रोज सकाळी बघायची घरातली सवय होती. जागतिक बँकेचा आमच्या गावच्या गोदामाशी काही संबंध असू शकतो, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीचे अध्यक्ष अण्णा एक जाड फाईल घेऊन आले. "ताई, गोदाम अन् क्लीनिंग-ग्रेडिंगचं युनिट मंजूर झालंय. आता खरेदीचं सगळं तुम्हीच बघा. तुम्ही शिकलेल्या आहात."

फाईल उघडली. त्यात गोदामाचा नकाशा, अंदाजपत्रक, यंत्रांची यादी, बँकेची पत्रं, संचालक मंडळाचे ठराव होते. मध्येच पर्यावरण आणि सामाजिक बाबींचा एक तक्ता होता. जागा गायरान आहे का, झाडं तोडावी लागतील का, सांडपाणी कुठे जाईल, महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का, असे प्रश्न आणि समोर होय-नाहीचे रकाने. आणि खरेदीबद्दल एका ओळीची सूचना: वस्तू व कामे घेताना पर्यावरणावरचा परिणाम लक्षात घ्यावा. एवढंच. तो कसा घ्यायचा, कोणी घ्यायचा, किती पैसे जास्त गेले तर चालतील, यातलं काहीही पुढे नव्हतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. हिशेबाच्या माणसाला रकाना लागतो, आणि या ओळीसाठी माझ्या कुठल्याच वहीत रकाना नव्हता.

त्याआधी पैशाचंच कोडं सुटायचं होतं. गावात सगळे म्हणतात, वर्ल्ड बँकेचं अनुदान आलंय. ज्या प्रकल्पातून आमचं गोदाम होतंय तो बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला 'स्मार्ट'. त्याचा एकूण खर्च सुमारे २१०० कोटी रुपयांचा, आणि त्यातला मोठा वाटा, २१ कोटी डॉलर, जागतिक बँकेचा आहे. तो वाटा कर्ज म्हणून आलेला आहे. कंपनीला मिळतं ते अनुदान, मंजूर खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत. उरलेले चाळीस टक्के भागधारकांचे आणि बँकेच्या कर्जाचे. पण वरच्या पातळीवर जागतिक बँकेची रक्कम परत करायचीच आहे. त्याच्या आधी २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आम्ही 'पोकरा' म्हणतो, त्याचंही तसंच होतं. ४२ कोटी डॉलरचं कर्ज, १५ जिल्हे, पाच हजारांच्या वर गावं, आणि त्यात बीड. आमच्या शिवारातलं ठिबक, शेततळी, तुतीच्या बागा, शेडनेट यांतलं बरंचसं त्या पैशातून उभं राहिलं. हे समजलं त्या दिवशी माझ्यासाठी खरेदीचा अर्थच बदलला. स्वस्त म्हणून घेतलेली आणि तीन वर्षांत मोडणारी वस्तू आम्ही दोनदा फेडतो. एकदा दुरुस्तीत, आणि एकदा त्या कर्जातून, जे आमची मुलं कर भरतील तेव्हाही संपलेलं नसेल.

शेजारच्या तालुक्यातल्या एका कंपनीचे व्यवस्थापक या कामात मुरलेले. त्यांच्याकडे गेले. ते सर प्रेमानं बोलले, चहा पाजला आणि सांगितलं, "मॅडम, फार विचार करू नका. तीन कोटेशन घ्या, तुलनात्मक तक्ता करा, एल-वनला ऑर्डर द्या. ऑडिटला काही प्रॉब्लेम येत नाही." एल-वन म्हणजे सगळ्यांत कमी भाव देणारा. मी विचारलं, "मग ती पर्यावरणाची ओळ?" ते म्हणाले, "ती असतेच सगळ्यांच्या फाईलमध्ये."

त्यांचं चूक नव्हतं. आपल्याकडे सरकारी पैशाची खरेदी म्हटली की प्रामाणिकपणाचा पुरावा एकच मानला जातो, तो म्हणजे कमी भाव. जास्त भावाची वस्तू घेतली की पहिला संशय टक्केवारीचा. ज्या गावात प्रत्येक बांधकामामागे कोणी किती खाल्लं याची चर्चा होते, तिथे हिशेबनीस बाईनं महागडं कोटेशन निवडायचं म्हणजे धाडसच. मला रात्री झोप लागेना, कारण नियम खरंच तसा आहे का, हेच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मुळापासून वाचायला घेतलं. जागतिक बँकेनं १ जुलै २०१६ पासून खरेदीची नवी चौकट लागू केली. तिच्यात कमी भावाच्या जागी 'पैशाचं पुरेपूर मोल' हे तत्त्व पुढे आलं. वस्तू विकत घेण्याचा खर्च, ती चालवण्याचा, दुरुस्तीचा आणि शेवटी तिची विल्हेवाट लावण्याचा खर्च, हे सगळं मिळून तुलना करता येते. शाश्वत खरेदीसाठी त्या नियमावलीला वेगळं परिशिष्टही आहे. मात्र त्यातलं बरंचसं ऐच्छिक आहे. कर्ज घेणाऱ्यानं ठरवलं तर ते निकष लावता येतात. आणि ते लावायचे तर मागणीपत्रातच लिहावे लागतात. कोटेशनं उघडल्यावर "ही वस्तू जास्त हिरवी वाटते" असं म्हणून निवड करता येत नाही, आणि येऊही नये, कारण मग तोच दरवाजा टक्केवारीला उघडा होईल. एवढं उमगायला मला बराच वेळ लागला, पण एकदा उमगल्यावर भीती गेली. निवड भाव बघूनच करायची, पण काय मागायचं ते आधी गावानं नीट लिहायचं. पर्यावरणाचा सगळा विचार त्या आधीच्या कागदावर होतो. नंतर एल-वन आला तरी तो योग्य वस्तूतला एल-वन असतो.

आता लिहायचं काय? मला वाटलं होतं, पर्यावरणपूरक वस्तूंवर काही शिक्का असेल, तो बघून घेता येईल. तसा शिक्का आहेही. केंद्र सरकारची इकोमार्क योजना १९९१ पासून आहे आणि तिचं चिन्ह मातीचा माठ आहे. २०२४ मध्ये तिचे नवे नियमही निघाले. मी केजच्या आणि अंबाजोगाईच्या दुकानांतून तो माठ शोधत फिरले. रंगाच्या डब्यावर, पाइपवर, पत्र्यावर, कशावरच दिसला नाही. दुकानदारांनी ते नावही ऐकलेलं नव्हतं. शिक्क्याच्या भरवशावर राहून चालणार नव्हतं. एकेक वस्तू हातात घेऊन विचारावं लागणार होतं की ही कशापासून झाली, किती दिवस टिकेल आणि संपल्यावर कुठे जाईल.

सुरुवात विटांपासून झाली, आणि सगळ्यांत जास्त शिकवलं तेही विटांनीच.

अंदाजपत्रकात नुसतं 'वीट बांधकाम' लिहिलेलं होतं. आमच्याकडे वीट म्हणजे लाल वीट. भट्ट्या जवळच, ओळखीचे लोक, उधारी चालते. पण आमच्या गावापासून पन्नास-साठ किलोमीटरवर परळीचं औष्णिक विद्युत केंद्र आहे. दगडी कोळसा जाळून वीज, आणि मागे उरते राख. ती राख तळ्यात साठते, उन्हाळ्यात वाऱ्यानं उडते, आजूबाजूच्या गावांत अंगणात, पिकावर, छातीत बसते. परळीकडची माणसं याबद्दल वर्षानुवर्षं बोलताहेत. हेच केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, इतका आमचा जिल्हा कोरडा. आणि दुसरीकडे त्याच जिल्ह्यात आम्ही शेतातली वरची सुपीक माती खणून, ती भाजून विटा करतो. ज्या राखेचं काय करायचं हा प्रश्न आहे ती पडून, आणि जी माती पाच-पन्नास वर्षांत पुन्हा तयार होत नाही ती भट्टीत.

केंद्र सरकारनं १९९९ मध्येच अधिसूचना काढून औष्णिक केंद्राच्या आसपासच्या बांधकामांत राखेच्या वस्तू वापरायला सांगितलं होतं. तेव्हा ते अंतर ५० किलोमीटर होतं. पुढे १०० झालं, आणि २०१६ मध्ये ३००. म्हणजे आख्खा बीड जिल्हा त्या वर्तुळात. मग आमच्या तालुक्यात गोदामं, शाळा-खोल्या, सभामंडप लाल विटेतच का उभे राहतात? कारण अंदाजपत्रकात 'वीट' लिहिलेलं असतं आणि कोटेशनमध्ये जी वीट नगाला स्वस्त ती येते.

मी गावच्या गवंडीमामांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, राखेची वीट जड असती. लेकरांना उचलायला जड जाती. पण एकसारखी येती. सांध्याला माल कमी लागतो, गिलावा पातळ बसतो." मग हळूच एक गोष्ट सांगितली जी कुठल्याच कागदात नव्हती. "लाल वीट लावायच्या आधी पाण्यात बुडवून ठेवावी लागती. हौदच लागतो. तुमचं काम फेब्रुवारी-मार्चमधी निघालं तर पाणी कुठून आणायचं? टँकरनं?" लाल वीट कोरडी लावली तर ती सिमेंटच्या मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो. राखेच्या विटेवर पाणी शिंपडलं तरी भागतं. अर्थात तिला कारखान्यात दोन-तीन आठवडे पाणी मारलेलं असतं, म्हणजे पाणी पूर्ण वाचतं असं नाही. पण ज्या गावात होळीनंतर टँकरची वाट बघतात, तिथे ते पाणी गावाबाहेर लागणं हाही हिशेबच आहे.

मग मी पहिल्यांदा हिशेब नगावर न करता बांधलेल्या भिंतीवर केला. एक घनमीटर भिंत उभी करायला विटा किती, सिमेंट-वाळूचा माल किती, गिलावा किती, टँकर किती, गवंड्याचे दिवस किती. नगाच्या भावात दिसणारा फरक भिंतीपर्यंत जाईस्तोवर विरून गेला. आमच्या मागणीपत्रात शेवटी 'वीट' हा शब्द राहिला नाही. राखेची वीट, भारतीय मानक १२८९४ प्रमाणे, अमुक दाबक्षमतेची, चाचणी अहवालासह, असं लिहिलं. मानक क्रमांक लिहिणं का गरजेचं ते अभियंत्यांनी समजावलं. राखेच्या नावाखाली कमी चुना घातलेल्या, कडेनं झडणाऱ्या विटाही बाजारात असतात, आणि तशी एक भिंत गावात उभी राहिली की पुढची वीस वर्षं कोणी राखेची वीट घेणार नाही.

इथे एक सल मात्र मनात राहिला. लाल विटांच्या भट्टीवर आमच्याच भागातली कुटुंबं राबतात. ऊसतोडीला न जाता गावाजवळ राहता यावं म्हणून काही जण भट्टी धरतात. मातीची वीट कमी घेतली की त्यांच्या हाताचं काम कमी होतं. पर्यावरणाचा तक्ता आणि सामाजिक बाबींचा तक्ता फाईलमध्ये एकाच पानावर आहेत, पण त्यांची एकमेकांशी गाठ घालणारा रकाना नाही. राखेच्या विटांचे छोटे कारखाने अशा कुटुंबांच्या बचत गटांना उभे करून दिले तर? हा प्रश्न मी बैठकीत मांडला. उत्तर अजून कोणाकडे नाही, माझ्याकडेही नाही, पण तो मांडत राहायला हवा.

मोटरच्या बाबतीत उलटंच झालं. क्लीनिंग-ग्रेडिंगच्या यंत्राला दहा एचपीची मोटर. मला वाटलं, जास्त कार्यक्षम ती चांगली, प्रश्नच नाही. दहा एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट. या आकाराची आयई-२ दर्जाची मोटर पूर्ण भारावर ८८.७ टक्के कार्यक्षम, आयई-३ दर्जाची ९०.४ टक्के. वर्षाला हजार तास पूर्ण भारावर चालली तर सुमारे १६० युनिट वीज वाचते. दहा वर्षांत ती बचत मोटरच्या भावातला फरक सहज भरून काढील. पण आमचं युनिट हजार तास चालणार आहे का? सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा त्यानंतर. फक्त सोयाबीनच आलं आणि तीनशे तासच चाललं, तर बचत पन्नास युनिटांच्याही आत. म्हणजे आधी ठरवायला हवं की यंत्र किती दिवस चालवायचं आहे. आम्ही शेजारच्या गावांच्या गटांशी बोललो, त्यांचा हरभरा आणि तूरही इथेच स्वच्छ करायचं ठरलं, आणि मग आयई-३ लिहिली. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही अधिसूचित विद्युत उपकरणं घेताना ठरलेल्या स्टार मानांकनाची अट आहे. पण खरं सांगायचं तर मानांकनापेक्षा मोठी बचत यंत्र रिकामं पडू न देण्यात आहे. गावोगावी अनुदानाची यंत्रं ताडपत्रीखाली गंजत पडलेली मी आता डोळ्यांनी बघितली आहेत. त्यांना लागलेलं लोखंड, त्यांच्यावरचं कर्ज, सगळं वाया. न चालणारं यंत्र कितीही तारांकित असलं तरी ते पर्यावरणाचं नुकसानच.

छताला वाऱ्यावर फिरणारे पंखे आणि मधून मधून पारदर्शक पत्रा, हे लगेच पटलं. विजेशिवाय हवा खेळते, दिवसा दिवा लागत नाही. त्यावर चर्चाही फार झाली नाही.

साठवणुकीचं तसं नव्हतं. तुरीत भुंगे होतात. आजवरचा उपाय म्हणजे गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या त्या गोळ्यांतून जो वायू निघतो तो माणसालाही तितकाच मारतो. आमच्याकडे त्या गोळ्यांचं नाव घेतलं की आधी आत्महत्याच आठवतात. गोदामासाठी त्या घ्यायच्या म्हणून मी यादीत लिहायला गेले, तेव्हा कळलं की त्या कोणालाही विकत घेता येत नाहीत. परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच ते काम करून घ्यावं लागतं. कीटकनाशकांच्या बाबतीत जागतिक बँकेचे निकष कडक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं अतिविषारी ठरवलेल्या वर्गातली औषधं तिच्या पैशातून घेता येत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा मोनोक्रोटोफॉसचं नाव महाराष्ट्रभर झालं. ते याच अतिविषारी वर्गातलं. गेवराई, माजलगाव, वडवणीकडचा कापूस आठवला आणि जागतिक बँकेची ती अट मला फार मोलाची वाटली.

गोळ्यांना पर्याय म्हणून हवाबंद पिशव्या मागवल्या. आत प्लास्टिकचे दोन थर, बाहेर विणलेलं पोतं. तोंड घट्ट बांधलं की आतला प्राणवायू किड्यांच्याच श्वासानं संपतो आणि किडे मरतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेत चवळी साठवण्यासाठी ही पद्धत विकसित केली. औषध लागत नाही. पण तीही प्लास्टिकच, आणि उंदरानं कुरतडली की संपली. म्हणून बियाण्यासाठी ठेवायच्या तुरीपुरत्या त्या घ्यायच्या आणि बाकी मालाला ज्यूटचा बारदाना, असं ठरलं. बारदान्याचं महत्त्व २०२४-२५ च्या हंगामानं सगळ्या मराठवाड्याला शिकवलं. हमीभावाची सोयाबीन खरेदी बारदाना नाही म्हणून अडली, शेतकरी ट्रॉल्या घेऊन केंद्राबाहेर थांबले. तेव्हापासून आमच्या गावातल्या एका आबांचं म्हणणं एकच: जुनी पोती शिवून ठेवा, टाकू नका. संचालक मंडळानं ज्यूटची पोती दुरुस्त करायचं काम गावातल्या दोन म्हाताऱ्या मावश्यांना दिलं. हे कुठल्या निकषात बसतं, मला माहीत नाही. मला ते फार आवडलं.

आणि मग निंबोळी. सभासदांना अर्क पुरवावा अशी मागणी होती, आणि गावातला एक बचत गट तो उत्तम करतो. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, गाळायची, शंभर लिटर पाणी करायचं, थोडा साबणचुरा, की पाच टक्क्यांचा अर्क तयार. माझ्या मनात होतं की या बायकांकडूनच विकत घ्यावा. पण १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी नसलेलं कीटकनाशक विकता येत नाही. स्वतःच्या शेतासाठी करा, विकू नका. शिवाय कोटेशनच्या अटींमध्ये जीएसटी क्रमांक, मागच्या तीन वर्षांची उलाढाल, त्याच प्रकारच्या कामाचा अनुभव. जी वस्तू गावात, झाडाखाली, फुकट पडलेल्या मालातून तयार होते ती घेता येत नाही, आणि शेकडो किलोमीटरवरून प्लास्टिकच्या बाटलीत आलेलं नोंदणीकृत कडुनिंबाचं औषध घेता येतं. त्या दिवशी मला रडू आलं. गटाच्या अध्यक्ष काकूंनीच वाट काढली. "अर्क नका घेऊ. निंबोळ्या घ्या आमच्याकडून. भिजवतील ज्याचे ते." निंबोळी हे औषध नाही, बी आहे. मृगाच्या आसपास निंबोळ्या पडतात तेव्हा बायका वेचतात, वाळवतात, कंपनी किलोवर घेते, सभासद घरी अर्क करतात. लहान रकमेच्या आणि लोकसहभागाच्या खरेदीत गावातूनच माल घ्यायला जागतिक बँकेच्या चौकटीतही वाव आहे. तीन वर्षांच्या उलाढालीची अट छोट्या खरेदीला आपणच सवयीनं चिकटवतो. ती काढून टाकावी लागते, आणि ती काढायला कोणाची परवानगीही लागली नाही.

या सगळ्यात जिथे मला काहीच करता आलं नाही, ती गोष्ट म्हणजे शेततळ्याचा कागद.

आमच्या भागात शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तराला कागदच म्हणतात. ५०० मायक्रॉनचा काळा कागद, खड्ड्यात अंथरला की पाणी मुरत नाही. फळबाग, तुती, शेडनेट, सगळं त्या कागदावर तरलेलं आहे. ज्यांनी २०१५-१६ आणि २०१८-१९ चे दुष्काळ पाहिले त्यांना शेततळं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भूजल उपसून शेततळी भरण्याबद्दल जी टीका होते तीही खरी आहे. विहिरीचं आणि बोअरचं पाणी वर आणून उन्हात वाळवायला ठेवणं परवडणारं नाही. पण माझा प्रश्न वेगळा होता. उन्हानं, उंदरांनी, काठावर चढणाऱ्या जनावरांच्या खुरांनी कागद कधीतरी फाटतोच. मग काय?

ते मी गावाच्याच शिवारात बघितलं. एका शेतकऱ्यानं फाटलेला कागद बांधावर ओढून पेटवून दिला होता. काळा धूर ज्वारीवरून गावाकडे येत होता. मी विचारलं, "दादा, जाळलात कशाला?" ते म्हणाले, "मग काय करू? भंगारवाला घेईना. मातीनं भरलाय म्हनतो. गाडायचा तर पाणी मुरायचं नाही, नांगरात येतो." त्यांच्या बोलण्यावर मला उत्तर नव्हतं. कागद घेताना जाडी तपासली जाते, मानक तपासलं जातं, अंथरल्यावर फोटो काढले जातात. तो संपल्यावर कुठे जाईल हे विचारलं जात नाही. देशात प्लास्टिक कचऱ्याचे नियम २०१६ पासून आहेत, आणि उत्पादकांनी आपलं प्लास्टिक गोळा करावं ही जबाबदारीही आली. पण तिचा भर वेष्टनांवर आहे, म्हणजे पुड्या, बाटल्या, पिशव्या. शेततळ्याचा कागद तिच्यात येत नाही. एका शेततळ्यात जेवढं प्लास्टिक जातं तेवढं एक घर आयुष्यभरात पुड्यांमधून वापरतं की नाही, कोण जाणे.

उपाय अवघड नाही. कागद पुरवणाऱ्यानं वापर संपल्यावर तो परत घ्यावा किंवा किलोवर ठरलेल्या भावानं विकत घ्यावा, अशी एक अट मागणीपत्रात हवी. पण एकट्या शेतकऱ्यानं एका तळ्यासाठी ही अट घातली तर दुकानदार हसेल. शंभर तळ्यांचा कागद एकत्र मागवला, तर ऐकेल. इथे उत्पादक कंपन्यांचा उपयोग आहे.

आमच्या संचालक मंडळाच्या बैठकीत या विषयावर बराच वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद, जे २०१६ मध्ये वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेच्या पहिल्या वर्षी अंबाजोगाई तालुक्यात बहिणीच्या गावी श्रमदानाला जात असत, म्हणाले, "त्या टेकडीवरच्या चरांना आम्ही काहीच विकत आणलं नव्हतं. टिकाव-फावडं घरचं. पाणी अजून मुरतंय." ते बोलल्यावर सगळे थोडा वेळ शांत बसले. मग ठरलं, की यापुढे कोणत्याही खरेदीच्या आधी एक प्रश्न इतिवृत्तात लिहायचा: ही वस्तू विकत घ्यायलाच हवी का, आणि हवी असेल तर भाड्यानं किंवा शेजारच्या कंपनीसोबत मिळून भागेल का? प्लास्टिकच्या पॅलेटची मागणी त्यामुळे तेवढ्यापुरती मागे पडली. जुन्या बाभळीच्या फळ्यांचं डनेज, म्हणजे पोत्यांखालचा आधार, गावच्या सुतारानं करून दिलं.

गोदामाचं काम आता जोत्यापर्यंत आलं आहे. राखेच्या विटा आल्या, चाचणी अहवाल फाईलला लावला, आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आला नाही. ज्या सरांकडे मी पहिल्यांदा गेले होते त्यांनी आमचं मागणीपत्र मागून घेतलं, याचा मला आनंद आहे. शेततळ्याचा कागद परत घेण्याची अट पुढच्या सामूहिक मागणीत घालायची, असा ठराव आम्ही केला आहे. ती मान्य करणारा पुरवठादार अजून मिळालेला नाही.

तुमच्या गावात अशी कंपनी, बचत गट किंवा पाणलोट समिती असेल आणि तुम्ही तिचे सभासद असाल, तर कोटेशन उघडण्याच्या नव्हे, मागवण्याच्या आधीच्या बैठकीला जा. मागणीपत्र वाचायला मागा. त्यात नुसतं 'वीट', नुसतं 'मोटर', नुसता 'कागद' लिहिलेला असेल तर थांबवा. आणि शेततळ्याच्या कागदाची ती एक अट तुमच्याही मागणीत घाला. पाच-दहा कंपन्यांनी ती एकाच हंगामात घातली, तर पुरवठादाराला ती मान्य करावीच लागेल.